डाव्या कानाची तारीख

मी, नाथाजी बळवंत जगदाळे, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी भारतीय सैन्याच्या तोफखान्यात हवालदार, त्यानंतर सांगली येथील एका छापखान्यात मुद्रितशोधक, सध्या निवृत्त, राहणार मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या विरामचिन्हांसह लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आणू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात आहे, ती म्हणजे माझी पत्नी बनुबाई. आणि ती या क्षणी भुईमुगाच्या शेंगा निवडीत बसली असून "लिवा काय लिवायचं त्ये, पर चा निवाय लागला" एवढेच म्हणाली आहे. यास दाब म्हणता येणार नाही.

माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे. ती किती, हे पुढील कलमे वाचून काही मंडळींच्या लक्षात येईल. चष्मा लावल्यास दृष्टी उत्तम. उजवा कान वयाच्या मानाने चालतो. डाव्या कानासंबंधी स्वतंत्र कलम आहे. तो विषय येथेच उघडल्यास घरादाराची वाटणी मागे पडेल, असे माझे वकील श्री. विश्वजित माने यांचे म्हणणे आहे, आणि या एका बाबतीत ते बरोबर आहेत.

कलम १. दहा वर्षांपूर्वी माझा मुलगा जयराज याने भ्रमणध्वनीवरून एक मृत्युपत्र छापून आणले होते. त्यात माझ्या नावाआधी 'मयत' हा शब्द घातलेला होता. विचारले तेव्हा म्हणाला, "आबा, नमुना तसाच हुता. पुढं-मागं लागंलच की." ते मृत्युपत्र मी रद्द करतो.

कलम २. मलकापूर येथील राहते घर मी स्वकष्टाच्या पैशातून बांधले आहे. माझ्या पश्चात ते बनुबाईच्या हयातीत बनुबाईचे, व त्यानंतर जयराजचे. सूनबाई रेश्मा हिला स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधील भिंत पाडावयाची आहे. त्यास माझी हरकत होती. मी गेल्यावर ती हरकत घेण्यास कोणी उरणार नाही. बेवारस हरकत मागे ठेवणे बरे नव्हे, म्हणून ती मी या कलमाद्वारे मागे घेतो. भिंत पाडताना धूळ मात्र माझ्या तसबिरीवर उडू देऊ नये.

या घराचे मुख्य दार आणि ओट्यावरील माझी खुर्ची यांची मांडणी अशी आहे, की येणारा प्रत्येक माणूस माझ्या उजव्या बाजूनेच येतो. बांधकामाच्या वेळी गवंड्याने विचारले होते, "वास्तुशास्त्र बगून दार फिरीवलं व्हय, आबा?" मी म्हणालो, "नाही. कर्णशास्त्र." घर बांधतेवेळी माझा डावा कान निकामी होता याचा हा दगडविटांचा पुरावा असून त्याचे छायाचित्र माझ्या अपिलास (ते पुढे कलम ७ मध्ये आहे) जोडावे, असे मी सुचविले होते. वकिलांनी नकार दिला. घर मात्र अद्याप उभे आहे. ज्याला पाहावयाचे असेल त्याने पाहावे.

कलम ३. गावाकडील उसाचे रान जयराजला. बांधावरचा आंबा आमचा आहे, परंतु वारा नेहमी शेजारी ज्ञानू याच्या बाजूस वाहतो व फळे तिकडे पडतात. वाऱ्यावर दावा लावता येत नाही. झाड आमचे आणि आंबे त्याचे, ही परिस्थिती जयराजने पुढेही चालू ठेवावी. ज्ञानू या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, त्यामुळे त्याला झाड देता येत नाही. त्याने कधी मागितलेलेही नाही. गरजच पडली नाही.

कलम ४. बँकेतील ठेव बनुबाईस. रक्कम येथे लिहीत नाही. रक्कम दिसली की वाचणाऱ्याचे लक्ष पुढल्या कलमांवरून उडते.

कलम ५. माझे दोन्ही शब्दकोश, भिंग आणि तांबडी शाई नात साक्षी हिला. साक्षी हुशार आहे, परंतु ती भ्रमणध्वनीवर इंग्रजी 'जे' या अक्षरापुढे एकचा आकडा काढते आणि त्याचा उच्चार 'जेवण' असा करावयाचा असतो. हे मला प्रथम समजले त्या दिवशी मी जेवलो नाही. तिने शब्दकोश नुसता उघडा ठेवावा; कधीतरी येता-जाता नजर पडेल.

कलम ६. (अ) सैन्यातील काळी लोखंडी पेटी, पदके व घोंगडी जयराजला. घोंगडीला कसर लागली आहे असे बनुबाई म्हणते. लागली असल्यास कसरीसह द्यावी.

(आ) खिशात ठेवून कानात तार घालावयाचे माझे श्रवणयंत्र मी बनुबाईचे थोरले बंधू, माझे मेहुणे, श्री. भाऊसो तुकाराम खराडे, राहणार पलूस, जिल्हा सांगली, यांना देतो. आपण मारलेली हाक किती लांब पोहोचते, याची त्यांना एकदा कल्पना यावी, एवढाच हेतू. सेलचा खर्च त्यांनी स्वतः करावा.

कलम ७. डावा कान.

तोफेच्या उजव्या अंगास माझी जागा असे. तोंड लक्ष्याकडे केले, की डावा कान तोफेकडे येई. १९८१ च्या उन्हाळी सरावात, कानावर हात जाण्याआधीच, गोळा सुटला. त्या क्षणापासून डाव्या बाजूचे जग शांत झाले. पुढल्या वर्षी मला खालची वैद्यकीय श्रेणी देऊन सेवामुक्त करण्यात आले. कानाबद्दल मिळावयाचे अपंगत्व-निवृत्तिवेतन 'सेवेशी संबंध नाही' या एका ओळीच्या पत्राने नाकारले गेले. त्या ओळीत कानाचे नावसुद्धा नव्हते. तोफखान्यात माणसाचा कान तोफेमुळे न जाता आणखी कशामुळे जातो, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेले नाही. नकारावर अपील करता येते, हेही तेव्हा कोणी सांगितले नाही. किंवा सांगितले असेल, तर डावीकडून सांगितले असावे.

मी सांगलीस छापखान्यात लागलो. मुद्रितशोधनास कान लागत नाही. तेथे कोणाचे काही अडले नाही, माझेही नाही. अडले ते पलूसला.

सन १९९२ च्या मे महिन्यात भाऊसोंची कन्या मंगल हिचे लग्न होते. अक्षता पडल्यावर मानकऱ्यांची नावे पुकारून फेटे बांधण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि पहिला मान जावयाचा. म्हणजे माझा. मला पुढल्या रांगेत, अगदी उजव्या टोकाची खुर्ची दिलेली होती. मांडव संपूर्ण डाव्या हाताला. नेमकी वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला. भाऊसो हातांवर फेटा घेऊन उभे राहिले आणि त्यांनी तोंडानेच हाक मारली, "दाजी, या!"

मी लग्नपत्रिका वाचीत होतो. 'आशीर्वाद' हा शब्द तीत दोन ठिकाणी आला होता आणि दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने चुकला होता.

भाऊसोंनी दुसऱ्यांदा हाक मारली. नंतर तिसऱ्यांदा. मी मान वर केली नाही. मांडवात कुजबुज झाली, "रुसलं जणू जावई!" याला कारण होते. सकाळीच मी पत्रिकेतील चुका चारचौघांत दाखविल्या होत्या, आणि पत्रिका माझ्या छापखान्यातून न छापता दुसरीकडून छापली होती. त्यामुळे मी कशावरून रुसलो आहे, हे सर्वांना माहीत होते. मला सोडून.

रुसलेल्या जावयाची समजूत यजमानाने जवळ जाऊन काढावी, असा रिवाज आहे. परंतु भर मांडवात तीन हाका वाया गेलेला माणूस जवळ कसा जाईल? भाऊसोंनी तो फेटा सरपंचांच्या डोक्यास बांधला. मी मान वर केली ती नेमकी तेव्हा. माझ्या दृष्टीने घडले ते असे: पहिला फेटा, जावयाचा मान, माझे नावही न पुकारता दुसऱ्याला गेला. मी उठलो, बनुबाईला हाक मारली, आणि आम्ही न जेवता बाहेर पडलो.

कराडच्या एसटीत बनुबाई माझ्या उजव्या हाताला बसली तेव्हा म्हणाली, "आवं, दादानं तीनदा हाक मारली. उटला का न्हाई तुमी?"

"कधी?"

"कवा म्हंजी! सगळ्या मांडवानं ऐकली की!"

एसटी परत फिरविता येत नाही. पुढल्या आठवड्यात मी बनुबाईकरवी निरोप धाडला, की डावा कान तोफेने गेला आहे, हाक पोहोचली नाही. त्यावर भाऊसो पलूसच्या चौकात जे बोलले ते मला निरनिराळ्या लोकांनी, उजव्या बाजूने, जसेच्या तसे सांगितलेले आहे:

"बायकू चा म्हणली की ऐकू येतंय, मेव्हणा हाक मारतोय ती न्हाई व्हय? कान गेलाय म्हणं! सरकारला ठावं न्हाई आन दाजीलाच ठावं? सरकारचा कागद दावा म्हणावं, लग्नात कान गेल्याला हुता म्हणून. कागद दावला तर म्या सोता फेटा घिऊन दाजीच्या दारात येतो. तवर उंबरा वलांडणार न्हाई!"

शब्द चौकात दिला गेला, म्हणजे पाळावाच लागला. तेव्हापासून भाऊसोंनी माझ्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. भाऊबीजेला ते मलकापूरपर्यंत येतात, परंतु हमरस्त्यावरील चहाच्या दुकानात बसतात. बनुबाई ताट झाकून तेथे जाते आणि बाकावर बसवून त्यांना ओवाळते. दुकानदार त्या दिवशी ते बाक कोणा गिऱ्हाइकास देत नाही. आता तर तो उदबत्तीही लावून ठेवतो.

सन २०१२ मध्ये साताऱ्यास माजी सैनिकांचा मेळावा होता. तेथे कळले, की जुन्या नकारांवर पुन्हा अर्ज करता येतो. मी अर्ज केला. तपासणी झाली. डॉक्टरांनी डाव्या कानाशी बरीच खटपट करून अखेर तो गेल्याचे मान्य केले. अपंगत्व-निवृत्तिवेतन मंजूर झाल्याचे पत्र आले, तेव्हा बनुबाईने शिरा केला. पत्राची प्रत मी मंगलच्या हाती पलूसला पाठविली आणि ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, बसून राहिलो.

फेटा आला नाही, निरोप आला. "कागद खरा हाय, न्हाई म्हणत न्हाई. पर ह्यात लिवलंय, अर्ज केला त्या तारखेपास्नं. लग्न त्येच्या लय आदीचं हाय. म्हंजी लग्नात दाजीचा कान शाबूत हुता, आसं सरकारच म्हणतंय."

मी पत्र पुन्हा वाचले. भाऊसोंचे वाचन अचूक होते. सरकारने माझा कान अर्जाच्या दिवसापासून गेलेला धरला होता. ज्या कागदाची मी वीस वर्षे वाट पाहिली, तो येऊन प्रतिपक्षास मिळाला.

म्हणून मी सैन्याच्या न्यायाधिकरणाकडे अपील केले. मागणी एकच: डाव्या कानाचे अपंगत्व अर्जाच्या तारखेपासून न धरता सेवामुक्तीच्या तारखेपासून धरावे. वकील माने म्हणाले, "काका, मागची थकबाकी मुदतीच्या नियमात अडकेल. सगळी मिळणं कठीण."

"थकबाकी नको. तारीख हवी."

वकिलांनी चष्मा काढला. "काका, लोक पैसे मागतात आणि तारखेवर तडजोड करतात. तुम्ही उलटं बोलताय."

"मी सुलट बोलतो आहे. आपण लिहून घ्या."

तारखेसाठी केलेल्या या अपिलात मला आजवर पुष्कळ तारखा मिळाल्या आहेत. हवी ती सोडून. अडचण अशी, की माझे जुने वैद्यकीय कागद जपण्याची मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आले आहेत. तेव्हा वकील म्हणतात, की घरचा नसलेला, त्या काळी मला ऐकू येत नव्हते हे स्वतः अनुभवलेला, एखादा माणूस साक्षीस हवा. तोफेवरचे सोबती वारले. छापखान्याचे मालक वारले. ज्ञानूला विचारले, तर म्हणाला, "आबा, तुमच्याशी बोलायला सवड कुटं गावती? तुमीच बोलत आसता. ऐकू येतंय का न्हाई कसं कळायचं?"

जगात असा एकच माणूस उरला आहे, ज्याने भरदिवसा, शेकडो लोकांसमोर, माझ्या डाव्या बाजूने तीन हाका मारल्या व एकीचेही उत्तर मिळाले नाही. आणि जो ही हकीकत गेली तेहतीस वर्षे, कोणी विचारो वा न विचारो, शपथेवर सांगत फिरतो आहे. असा साक्षीदार वकिलांना शोधून सापडत नाही. मला तो लग्नातच मिळाला होता. परंतु भाऊसो म्हणतात, आधी कागद, मग मी मानीन. आणि न्यायाधिकरण म्हणते, आधी साक्षीदार, मग कागद. अडकित्त्याची दोन पाती आपापल्या जागी बरोबर असतात. पंचाईत सुपारीची होते.

त्यांच्याकडे साक्ष मागण्यास मी जाणार नाही. ते आपण होऊन देणार नाहीत. दोघांचेही म्हणणे सुसंगत आहे.

कलम ८. माझ्या पश्चात अपील बनुबाईने वारस म्हणून पुढे चालवावे. जयराजने लोणंदच्या कारखान्यातून रजा काढून प्रत्येक सुनावणीस तिला घेऊन जावे. अपील मागे घेऊ नये. तडजोड करू नये. थकबाकी देऊ केल्यास नम्रपणे घ्यावी, परंतु तारखेच्या बदल्यात घेऊ नये.

हे कलम मी मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा जयराज म्हणाला, "आबा, सोडा की आता. मामा पंच्याहत्तरीचं, तुमी ऐंशीचं. ती तारीख घिऊन काय लोणचं घालायचं हाय?"

मी म्हणालो, "घाल. लोणचे टिकते."

त्यावर बनुबाई शेंगांचे सूप खाली ठेवून जे बोलली, ते मी येथे नोंदवून ठेवतो. कारण ते या मृत्युपत्राच्या विरुद्ध जात असले तरी खरे आहे. ती म्हणाली, "मला कागद नगं आन तारीखबी नगं. माजा भाऊ माज्या घरात, माज्या हातचं, तुमच्या पंगतीला बसून येकदा जेवला पायजे. तुमी दोगं हायसा तवर. मागनं मला त्या रानाचं आन घराचं काय करायचं हाय?"

ती उजव्या बाजूस बसली होती, त्यामुळे ऐकू आले नाही असे म्हणण्याची सोय नव्हती.

कलम ९. अंत्यविधी. वर्तमानपत्रातील निवेदनात 'दुःखद निधन' असे छापू नये. निधन सुखद असते अशी कोणाची समजूत नाही. चौकात माझा फलक लावू नये. लावल्यास मजकूर आधी साक्षीने शब्दकोशात पाहावा. ज्यांना मोठ्याने रडावयाचे असेल त्यांनी उजव्या बाजूस उभे राहावे.

तेराव्या दिवशी मामाने भाच्याच्या डोक्यास दुखवट्याचा फेटा बांधावयाचा असतो. म्हणजे त्या दिवशी भाऊसोंना फेटा घेऊन माझ्या दारात यावेच लागेल. रिवाजापुढे चौकातला शब्द टिकत नाही. येथे मी स्पष्ट करतो, की तो फेटा जयराजचा असेल. तो माझ्या मानाच्या फेट्यापोटी जमा धरण्यात येऊ नये. माझा फेटा मला हयातीत, माझ्या डोक्यावर पाहिजे आहे. आकार तोच आहे. केस तेवढे कमी झाले आहेत.

येथपर्यंतचा मजकूर काल पुरा झाला. पुढील मजकूर आज, सहीच्या दिवशी, कलम १० म्हणून जोडीत आहे.

कलम १०. आज सकाळी डॉक्टर प्रांजल थोरात आल्या. माझी बुद्धी तपासण्यासाठी त्यांनी विचारले, "काका, आज वार कोणता?" मी वार, तिथी आणि महिना सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'रुग्ण' या शब्दात 'रु' दीर्घ पडला आहे, तेही सांगितले. त्यांनी पुढे काही न विचारता दाखला लिहून दिला.

दुसरा साक्षीदार ज्ञानू. त्याचा दूरध्वनी आला, की पहाटे त्याच्या उसाला तोड आली आहे. महिनाभर विनवण्या केल्यावर टोळी रानात उतरली, की आमच्याकडचा शेतकरी स्वतःच्या लग्नातूनही उठून जातो. "आबा," तो म्हणाला, "मराया घाई करू नगा. टरॅक्टर भरला की आलो." मी सही पुढे ढकलण्याचे ठरविले. परंतु बनुबाईने, मला न विचारता, जयराजला केव्हाच पलूसला गाडी घेऊन पाठविले होते.

भाऊसो आले. तब्बल तेहतीस वर्षांनी मी त्यांना चहाच्या दुकानाच्या अलीकडे पाहिले. डोक्यावर टोपी, हातात काठी. अंगणातील कट्ट्यावर, घराकडे पाठ करून बसले आणि मोठ्याने म्हणाले, "उंबरा वलांडणार न्हाई. बनीनं बोलावलं म्हणून आलोय. कागद हितं भायर आणा, सई करतो आन जातो."

डॉक्टर ओट्यावरच होत्या. मी ओट्यावरील खुर्चीतूनच म्हणालो, "भाऊसो, या."

ते नारळाच्या झाडाकडे पाहत राहिले.

"भाऊसो, सही करावयाची आहे."

ते झाडाकडेच पाहत होते. डॉक्टर माझ्याकडे पाहू लागल्या. जयराज जमिनीकडे पाहू लागला. माझ्या कानशिलाला ऊन लागल्यासारखे झाले. स्वतःच्या दारात, परक्या माणसांसमोर! मी सर्व शक्ती एकवटून तिसरी हाक मारली. तोफखान्यातला आवाज आहे. समोरच्या घरातील माणसे गच्चीवर आली. भाऊसो हलले नाहीत.

तेवढ्यात बनुबाई पळी घेऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आवं, वरडू नगा. त्याला आता दोन्ही कानानं ऐकू येत न्हाई, तोंडाम्होरं उबं ऱ्हाऊन बोललं तरच कळतंय. लय दिस झालं. तुमास्नी सांगू नगं म्हणून शपत घातलीय मला."

मी खुर्चीतून उठलो. पायऱ्या उतरलो. कट्ट्याला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

भाऊसो दचकले. "आवं दाजी! हाक तरी मारायची की!"

"मारली. तीन वेळा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांकडे पाहिले, जयराजकडे पाहिले, गच्चीवरच्या माणसांकडे पाहिले. मग काठीवर हनुवटी टेकली.

"मांडवात म्या तुमच्या डाव्या अंगाला हुतो?"

"डाव्या."

"आन तुमी काय करत हुता तवा?"

"पत्रिका वाचीत होतो."

"त्यात लय चुका हुत्या?"

"पुष्कळ."

"मग बराबर हाय," असे म्हणून ते हसू लागले. तेहतीस वर्षांचा संताप हसण्यातून बाहेर पडताना माणसाला ठसका लागतो, असे दिसून आले. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिले.

मी सदऱ्याच्या खिशातील श्रवणयंत्र काढून त्यांच्या खिशात ठेवले व तार त्यांच्या कानात घातली. यंत्र लावून त्यांनी प्रथम ऐकले ते बनुबाईचे नाक ओढणे. "रडू नगं, बने," ते म्हणाले, "कानात घुमतंय." ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांचे मत असल्याने, कलम ६ (आ) मी रद्द करतो. वस्तू आज हातोहात दिली आहे. सेल माझ्याकडून.

दोघांसमक्ष मी सही केली, त्याखाली डॉक्टरांनी केली, मग भाऊसोंनी लेखणी मागितली. सहीपुरती जागा सोडली होती, ती त्यांना पुरली नाही. त्यांचा मजकूर पुढे आहे. अपील मी मागे घेतलेले नाही व घेणार नाही. फेटा आला तरी तारीख चुकलेलीच आहे, आणि चूक दिसल्यावर सोडून देणे हा माझा पेशा नव्हता. फरक एवढाच, की आता साक्षीदार आहे.

सध्या पाने मांडली आहेत व मला आतून हाका येत आहेत. भाऊसो उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसले आहेत. बनुबाई आम्हा दोघांशीही मोठ्याने बोलत असल्यामुळे शेजाऱ्यांना घरात भांडण जुंपल्यासारखे वाटत असावे. त्यांनी तसे समजू नये.

वरील सर्व कलमे मी राजीखुशीने लिहिली, वाचली, तपासली व खाली सही केली.

(सही) नाथाजी बळवंत जगदाळे

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉ. प्रांजल थोरात, मलकापूर. मृत्युपत्रकर्त्यांनी माझ्यासमक्ष सही केली. त्यांची मानसिक स्थिती उत्तम आहे. पाटी दुरुस्त करून घेत आहे.

साक्षीदार दुसरे:

मी भाऊसो तुकाराम खराडे रा. पलूस लिवून देतो की दाजीनी माज्या म्होरं सई केली. त्येंचं डोकं ठिकाणावर हाय पयल्यापास्नं जरा जास्तच हाय. मंगलच्या लग्नात म्या दाजीस्नी तीनदा हाक मारली ती त्येंच्या डाव्या अंगानं मारली आन त्येनला ती ऐकू गेली न्हाई. कान तवाच गेल्याला हुता. रुसलं नव्हतं. ह्ये म्या साहेबाम्होरं बी सांगीन कवाबी बोलवा पर मोट्यानं बोलवा. येत्या गुरवारी फेटा घिऊन येतो. कागदाची वाट बगत न्हाई आता.

(सही) भाऊसो तुकाराम खराडे

वरील मजकूर साक्षीदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील आहे. मी तो दोनदा वाचला. त्यात दुरुस्त करण्याजोगे मला काहीही आढळले नाही. (ना. ब. ज.)

स्थळ: मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा

दिनांक: ७ डिसेंबर २०२५

हे मृत्युपत्र लागू होण्याची तारीख: घाई नाही. गुरुवारनंतर केव्हाही.